मुंबई बंदर, चीन आणि राष्ट्राचा लौकिक



१९८२ सालच्या जानेवारीत मुंबईच्या कापड गिरण्यांतील सुमारे अडीच लक्ष कामगार संपावर गेले आणि आमच्या शिवडीच्या चाळींतून पगाराचा दिवस नाहीसा झाला. त्या दिवसांत मी पंचविशीच्या आत होतो. घरात वडील गिरणीकामगार. पगार कोणालाच मिळत नव्हता, म्हणजे त्या हिशोबाने सारी घरे एका पातळीला आली होती. तथापि कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात मात्र ती एका पातळीला आली नव्हती. काही घरांना तो महिनोन्‌महिने उधारीवर धान्य देत असे आणि काहींना पहिल्याच आठवड्यात हात जोडत असे. मी त्याला एकदा ह्याचे कारण विचारले. त्याने वही मिटली आणि तो म्हणाला, "मास्तर, वहीत आकडे असतात, माणसे वहीबाहेर असतात." ज्या घराने वीस वर्षे शब्द पाळला, शेजाऱ्याच्या आजारपणात रात्री जागविल्या, आपल्या मोजक्या भाकरीतून बाळंतिणीच्या घरी वाटी धाडली, त्या घराचे नाव त्याच्या लेखी शिल्लक होते. रोखीने खरेदी करणाऱ्या श्रीमंताला असल्या नावाची फारशी गरज पडत नाही. ती पडते गरिबाला.

राष्ट्रांचेही असेच आहे, असे मला वाटते. १९९१ च्या जुलै महिन्यात आपल्या परकीय गंगाजळीत काही आठवड्यांच्या आयातीपुरतेच द्रव्य उरले होते. तेव्हा रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी गहाण धाडावे लागले. नावावर उधार मिळेनासे झाले, की घरातील सोने बाहेर काढावे लागते, हे आमच्या चाळीतील कोणत्याही गृहिणीला समजावून सांगण्याचे कारण नाही. परराष्ट्रांत मिळविलेल्या ह्या नावाला अमेरिकेतील प्राध्यापक जोसेफ नाय यांनी १९९० साली 'सॉफ्ट पॉवर' अशी संज्ञा दिली. धाक घालून किंवा पैसा चारून जे करून घेता येत नाही, ते दुसऱ्याच्या मनातील आदरामुळे व ओढीमुळे घडून येते, असा तिचा मथितार्थ. तिला 'मृदुसत्ता' असा प्रतिशब्द वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळतो. मला तो रुचत नाही. सत्ता मृदू झाली तरी सत्ताच. आपल्या भाषेत 'लौकिक' हा जुना, सरळ शब्द आहे आणि आज मी तोच वापरणार आहे.

मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिक झालेला, प्राथमिक शाळेत हयात घालविलेला एक मास्तर आहे. हा विषय मला ग्रंथांनी दिला नाही, एका विद्यार्थ्याने दिला. एके वर्षी वर्गात मी डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची कथा सांगत होतो. सोलापूरचा तरुण डॉक्टर, चीनच्या युद्धात जखमींची सेवा करता करता वयाच्या ३२ व्या वर्षी मरण पावला, असे मी मोठ्या भरात सांगितले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे काका कोकणातून उपचारासाठी आले होते आणि परळच्या रुग्णालयांसमोरील पदपथावर पथारी टाकून राहात होते. तो म्हणाला, "गुरुजी, आपल्याकडे डॉक्टर कमी होते ना? मग ते चीनला कशाला गेले?" मी पुस्तकी उत्तर दिले, माणुसकीला सीमा नसते वगैरे. मुलगा खाली बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते आणि माझेही.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला प्रथम हे पाहावे लागले, की डॉ. कोटणीस तेथे जाण्यापूर्वी चिनी माणसाच्या मनात हिंदुस्थानचे चित्र तरी कोणते होते. ते आपल्याला सुखावणारे नाही, आणि त्याचा बराचसा रंग मुंबई बंदरातच कालविला गेला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची अफू मुंबईस येई आणि येथून गलबतांत भरून चीनच्या दक्षिण किनाऱ्यास जाई. चहा आणि रेशीम घेण्यासाठी इंग्रजांना चीनला चांदी मोजावी लागत होती. त्या चांदीचा ओघ उलटा फिरविण्यासाठी त्यांनी हिंदुस्थानातील अफू पुढे केली. मुंबईच्या पुष्कळशा जुन्या श्रीमंतीत ह्या व्यापाराचा वाटा आहे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या ज्या दातृत्वातून १८४५ साली भायखळ्याचे रुग्णालय उभे राहिले, त्या दातृत्वामागील संपत्तीचा मोठा भाग कापूस व अफू यांच्या चीनकडील व्यापारातून आला होता. चीन सरकारने अफूला बंदी केली. १८३९ च्या जूनमध्ये लिन झेशू नावाच्या अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यावरून इंग्रजांनी युद्ध पुकारले. त्या युद्धात हिंदी पलटणी लढल्या आणि चीनचा पराभव झाला. २९ ऑगस्ट १८४२ रोजी ज्या तहाने हाँगकाँग इंग्रजांच्या हाती गेले, तो नानकिंगचा तह 'कॉर्नवॉलिस' नामक युद्धनौकेवर झाला. ही नौका आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया मिस्त्रींनी सागवानात बांधून १८१३ साली पाण्यात सोडलेली होती. वाडियांच्या कारागिरीचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. परंतु नानकिंगच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाने त्या नौकेकडे पाहिले, तेव्हा त्याला सागवानाची प्रत दिसली नसणार.

पुढेही हेच चालले. १९०० सालच्या बंडात पेकिंगवर चालून गेलेल्या फौजांत हिंदी शिपाई होते. शांघायच्या परकीय वसाहतीत शीख पोलीस नेमले गेले. ३० मे १९२५ रोजी तेथे निदर्शने करणाऱ्या जमावावर ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हुकुमावरून गोळीबार झाला, त्या पोलीस तुकडीत शीख शिपाईही होते. बिचाऱ्या शिपायाला पोटासाठी नोकरी करावयाची होती. त्याचा चीनशी दावा नव्हता. पण दंडुका ज्याच्या हातात दिसतो, त्याचाच चेहरा लोकांच्या लक्षात राहतो, हुकूम देणाऱ्याचा राहात नाही. अफू आपली आणि शिपाई आपला. नफा व निर्णय दुसऱ्याचा असूनही बदनामी मात्र आपल्या पदरी पडली. स्वतःचे नाव स्वतः न घडविणाऱ्या राष्ट्राचे नाव दुसरा कोणीतरी घडवितो, ह्याचा याहून ठळक दाखला मला माहीत नाही.

ह्याची टोचणी आपल्याकडील विचारी माणसांना लागली नव्हती असे नाही. रवींद्रनाथांनी १८८१ साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, चीनमधील ह्या मरणाच्या व्यापारावर बंगालीत निबंध लिहिला. दादाभाई नौरोजींनीही अफूच्या व्यापाराचा कडक निषेध केला. १९०७ च्या करारानंतर तो व्यापार उतरणीला लागला. रवींद्रनाथ १९२४ साली स्वतः चीनला जाऊन आले आणि १९३७ साली शांतिनिकेतनात 'चीनभवन' उभे राहिले. मधल्या काळात, १९२७ साली शांघायला पुन्हा हिंदी पलटणी धाडण्यात आल्या, तेव्हा मद्रासच्या राष्ट्रसभेने त्यांचा निषेध करून त्या परत बोलाविण्याची मागणी केली. परतंत्र देशाने अशी मागणी करावी आणि राज्यकर्त्यांनी ती ऐकू नये, हे ठरलेलेच होते. निषेधाचा ठराव हा वर्तमानपत्रातील मजकूर होतो. चीनमधील एखाद्या खेड्यात तो पोहोचत नाही. तेथे पोहोचण्यासाठी माणूसच जावा लागतो.

१९३७ च्या जुलैत जपानने चीनवर सरसकट चढाई केली. आता येथे आमच्या शिवडीचा संबंध येतो. कुलाब्याचा कापूसबाजार त्यापूर्वीच इकडे हलला होता आणि शिवडीजवळच्या भरावावर कापसाची प्रचंड गोदामे उभी राहिली होती. रेल्वेच्या स्टेशनाला 'कॉटन ग्रीन' हे नाव त्याच बाजारामुळे मिळाले. त्या काळी हिंदुस्थानच्या कच्च्या कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जपान होते. १९३४ च्या व्यापारी करारात जपानचे कापड इकडे किती यावे, हे जपान आपला कापूस किती उचलतो त्यावर ठरविलेले होते. म्हणजे विदर्भ-खानदेशच्या शेतकऱ्याचा माल आणि मुंबईच्या दलालाची दलाली ही दोन्ही जपानच्या मर्जीत गुंतलेली. अशा स्थितीत फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुऱ्याच्या अधिवेशनात राष्ट्रसभेने जपानी मालावर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले. लौकिक मिळविणे फुकट होते, असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर व औषधे यांची मागणी केली होती. सुभाषचंद्र बोस त्या वर्षी राष्ट्रसभेचे अध्यक्ष होते. त्यांनी ३० जून १९३८ रोजी देशाला जाहीर विनंती केली आणि वर्गणीतून सुमारे २२,००० रुपये जमले. पाच डॉक्टर ठरले. अलाहाबादचे डॉ. मदन अटल हे प्रमुख. ते नुकतेच स्पेनच्या यादवी युद्धात रुग्णसेवा करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सर्वांत वडील. कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी व डॉ. विजयकुमार बसू, आणि सोलापूरचे कोटणीस. कलकत्त्याच्या आणखी एका डॉक्टरांची निवड झाली होती, परंतु सरकारने त्यांना पारपत्र नाकारले, तेव्हा त्यांच्या जागी डॉ. बसू आले. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' नावाच्या बोटीने हे पथक मुंबईहून निघाले. ज्या बंदरातून शंभर वर्षांपूर्वी अफूच्या पेट्या गेल्या, त्याच बंदरातून आता एक रुग्णवाहिका आणि औषधांच्या पेट्या त्याच दिशेने चालल्या होत्या.

डॉ. कोटणीसांचे वैद्यकीय शिक्षण आमच्या शेजारच्या परळलाच झाले. १० ऑक्टोबर १९१० चा त्यांचा जन्म. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय ही १९२६ साली सुरू झाली, तीच मुळी अध्यापनाच्या जागा हिंदी डॉक्टरांनाच मिळाव्यात ह्या अटीवर. सरकारी वैद्यकीय संस्थांतील वरच्या जागा साहेबांसाठी राखलेल्या असत, त्याला हे दात्यांनी दिलेले उत्तर होते. कोटणीस त्या संस्थेच्या पहिल्या काही वर्षांतील विद्यार्थी. आपणही करू शकतो, हे सिद्ध करण्याची जिद्द त्या भिंतींत होती आणि तीच पुढे चीनला गेली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

कॅन्टनमध्ये डॉ. सन यत्‌-सेन यांच्या पत्नींनी पथकाचे स्वागत केले. तेथून ते हँकौला गेले. शहरे एकामागून एक पडत होती. हँकौ पडण्याच्या बेतात आले, तेव्हा हे लोक यांगत्झे नदीने वर सरकले आणि चुंगकिंगला पोहोचले. तेथे प्रत्येकाच्या नावापुढे 'हुआ' हे अक्षर जोडण्यात आले. 'हुआ' म्हणजे चीन. कोटणीसांचे 'के दीहुआ' झाले आणि चिनी लोक आजही त्यांना त्याच नावाने ओळखतात. वडील वारल्याची बातमी त्यांना चीनमध्येच कळली. सोबत्यांनी परत जाण्याचा सल्ला दिला. ते गेले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानच्या गुहांत दाखल झाले. त्या वर्षी डॉ. चोळकर व डॉ. मुखर्जी मायदेशी परतले, पुढच्या वर्षी डॉ. अटल परतले. कोटणीस उत्तरेकडील डोंगराळ रणभूमीवर गेले.

१९४० च्या उत्तरार्धातील मोठ्या मोहिमेत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर लागोपाठ ७२ तास ते शस्त्रक्रियेच्या टेबलापासून हलले नाहीत. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३९ च्या नोव्हेंबरात रक्तदोषाने मरण पावले होते. त्यांच्या नावाने चाललेल्या रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. येथे एक गोष्ट मला मास्तर म्हणून विशेष वाटते. त्यांनी चिनी भाषा बोलण्यापुरती शिकून ठेवली नाही, तर त्या भाषेत वर्ग घेतले आणि शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तक लिहावयास घेतले. औषधाची पेटी संपते. शिकविलेला विद्यार्थी पुढे चाळीस वर्षे रुग्ण तपासतो आणि प्रत्येक वेळी आपण कोणाकडून शिकलो, ते त्याला आठवते.

१९४१ च्या अखेरीस त्यांनी ग्वो चिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगझेन यांनी त्याचे नाव 'यिनहुआ' ठेवले. 'यिन' म्हणजे हिंदुस्थान, 'हुआ' म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्याने डॉ. कोटणीसांचे निधन झाले. माओने स्वहस्ते शोकलेख लिहिला. डॉ. बसू १९४३ साली परत आले. पाच गेले होते, चार परतले.

पण गोष्ट येथे संपली असती, तर ती दोन घरांपुरती राहिली असती. लौकिक नुसत्या कृतीने होत नाही. ती कृती कोणीतरी सांगावी लागते, हाही इतिहासाचाच भाग आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली ह्या पथकावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा बोलपट काढला. पटकथेत अब्बास यांच्यासह व. प. साठे यांचा हात होता. मुख्य भूमिका स्वतः शांतारामांनी केली आणि चिनी पत्नीची भूमिका जयश्रीबाईंनी. तो तयार झाला परळच्या राजकमल कलामंदिरात, म्हणजे कोटणीस जेथे शिकले त्या महाविद्यालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर. त्याची इंग्रजी आवृत्ती अमेरिकेतही दाखविली गेली. शांताराम ज्या 'प्रभात'मधून बाहेर पडले होते, त्या संस्थेचा 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला होता. देहूचा वाणी व्हेनिसच्या प्रेक्षकाला कळला, तो काही सरकारी खर्चाने केलेल्या जाहिरातीमुळे नव्हे. जाहिरातखात्यांवर माझा फारसा विश्वास नाही, हे मी कबूल करतो. पण चांगले काम झाले आणि ते सांगणारा चांगला कलावंत निघाला, म्हणजे ते समुद्र ओलांडते.

आता आक्षेपाकडे वळू. कोणी म्हणेल, एवढे करून मिळाले काय? १९६२ साली त्याच चीनची फौज आपल्या सीमेवर चालून आली. हे खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. लौकिकाने तोफा थांबत नाहीत. १९३८ साली मदत मागणारा चीन आणि १९६२ सालचा चीन यांत फार अंतर पडले होते आणि दोन सरकारांच्या सीमेवरील भांडणात एका डॉक्टरची कबर मध्ये उभी राहू शकत नाही. तथापि ती कबर उखडलीही गेली नाही. शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत ती बेथ्यून यांच्यासोबत आहे. दोन्ही देशांचे राजदूत पंधरा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा नेमले गेले ते १९७६ साली, आणि कोटणीसांचे स्मृतिमंदिर त्या गावी उभे राहिले तेही १९७६ साली. १९८२ साली चीनने त्यांचे टपाल तिकीट काढले. चीनचे अध्यक्ष वा पंतप्रधान भारतात आले, की कोटणीस कुटुंबीयांची भेट घेण्याचा प्रघातच पडला. जियांग झेमिन १९९६ साली आले तेव्हा, हू जिंताओ २००६ साली आले तेव्हा, ली केकियांग २०१३ साली मुंबईस आले तेव्हा तो पाळला गेला. २०२० च्या जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस सैनिक धारातीर्थी पडले. त्याच वर्षी शिजियाझुआंगच्या एका वैद्यकीय विद्यालयासमोर कोटणीसांचा नवा पुतळा बसविण्याचे जाहीर झाले. भांडणाऱ्या दोन घरांमध्ये एखादी खिडकी उघडी असावी, तसे हे आहे. खिडकीतून घर बदलत नाही, पण बोलणे सुरू करावयाचे झाले तर ते कोठून करावे, हे दोघांनाही ठाऊक असते.

लौकिकाचा रोख उपयोगही आपण एकदा पाहिला आहे. १९५० साली कोरियात युद्ध पेटले. भारताने लढाऊ फौज पाठविण्याचे नाकारले आणि लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखाली साठावे छत्रीधारी वैद्यकीय पथक पाठविले. ते तेथे तीन वर्षांहून अधिक काळ राहिले. १९५३ साली शस्त्रसंधी झाली, तेव्हा मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचे काय करावे, हा पेच उभा राहिला. त्यासाठी नेमलेल्या तटस्थ आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे, जनरल थिमय्यांकडे आले आणि कैद्यांची राखणही भारतीय सैनिकांवरच सोपविण्यात आली. त्या वेळी आपण परदेशी धान्यासाठी हात पसरणारे राष्ट्र होतो. आपणाजवळ ना अण्वस्त्र होते ना भरलेली तिजोरी. तरीही दोन्ही बाजूंना चालेल असा पंच म्हणून जगाने आपल्याकडे पाहिले. ही खुर्ची विकत मिळत नाही.

उलट बाजूही परळच्याच एका जुन्या वास्तूत वाचता येते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पाहता पाहता जगातील बंदरे मुंबईच्या बोटींना घाबरू लागली. प्लेग आपल्या दारी येऊ नये म्हणून युरोपातील राष्ट्रांनी १८९७ साली व्हेनिसला परिषद भरविली. मुंबई म्हणजे रोग, असे समीकरण झाले. वाल्डेमार हाफकिन यांनी त्याच साली जानेवारीत आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात गेली आणि १९२५ पर्यंत मुंबईतून लसीच्या दोन कोटी साठ लक्ष मात्रा बाहेर गेल्या. ज्या गावाच्या नावाने लोक क्वारंटीन लावीत, त्याच गावाचे नाव बाटलीवर वाचून लोक दंड पुढे करू लागले. अर्थात तो लौकिक इंग्रज सरकारच्या खात्यावर किती आणि मुंबईच्या खात्यावर किती, हा वाद राहील. पण भीतीने गमावलेले नाव कामाने परत येते, एवढे त्यातून दिसते. १९९४ साली सुरतेस प्लेगची हाकाटी झाली, मृतांचा आकडा साठाच्या आत होता, पण कित्येक देशांनी विमाने बंद केली आणि आपला माल नाकारला. शंभर वर्षांनी तोच धडा पुन्हा.

आणि अगदी अलीकडचे. २० जानेवारी २०२१ रोजी भारताने कोरोनाच्या लसी भूतान व मालदीव यांस पाठविल्या. पुढील तीन महिन्यांत अनेक देशांना मिळून सहा कोटींहून अधिक मात्रा गेल्या. त्यांतील बहुतेक पुण्यास तयार झालेल्या. मग एप्रिलमध्ये आपल्याच गावांतून प्राणवायू मिळेनासा झाला, निर्यात थांबली आणि आपल्यावर विसंबून बसलेल्या आफ्रिकेतील देशांचे दुसरे टोचणे लांबणीवर पडले. ती वर्षअखेरीपर्यंत पुरती सुरू झाली नाही. घर पेटले असता निर्यात थांबविली, ह्यासाठी मी कोणाला दोष देणार नाही. दोष असलाच तर तो आधीच्या हिशोबात होता. किती वाट्या बाहेर धाडता येतील, हे हंडीत पाहून ठरवावयाचे असते. शब्द दिल्यावर हंडी पाहणे हे शहाणपण नव्हे. वाण्याच्या वहीबाहेर जे लिहिले जाते, त्यात न दिलेल्या वाटीपेक्षा देऊ म्हणून न दिलेली वाटी अधिक काळ लक्षात राहते.

तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाला आज मी काय सांगेन? पहिले असे, की १९३८ साली कोटणीस गेले नसते म्हणून कोकणातल्या कोणा खेड्यास डॉक्टर मिळाला असता, असे नाही. खेड्यांत डॉक्टर नव्हते ते राज्यकर्त्यांनी आरोग्यावर पैसा खर्च केला नाही म्हणून. पाच माणसे चीनला गेल्यामुळे ती तूट वाढली नाही. दुसरे असे, की ज्या देशाला तेव्हा स्वतःचा राजदूत नेमण्याचा अधिकार नव्हता, त्याने अफूच्या आणि शिपायाच्या जागी आपला खरा चेहरा जगाला दाखविण्यासाठी पाठविलेले हे पहिले वकील होते, आणि त्यांचा एकूण खर्च २२,००० रुपये. सधन राष्ट्राच्या चुका त्याची संपत्ती भरून काढते, आपल्याला ती सोय नाही. म्हणून हा खर्च चैनीचा नव्हे, पोटापाण्याचा आहे.

पण मुलाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. आजही आचार्य दोंदे मार्गावर रात्री गेलात, तर रुग्णालयांच्या भिंतीलगत गावोगावचे रोगी व त्यांचे नातलग झोपलेले दिसतील. त्या वाटेने परदेशी डॉक्टर, विद्यार्थी आणि पाहुणेही जातात आणि आपण बाहेर जे चित्र पाठवितो, त्याच्याशेजारी हे चित्रही त्यांच्याबरोबर घरी जाते. तो मुलगा डॉक्टर परत मागत नव्हता. त्याच्या काकांना छप्पर मिळावे, एवढेच तो मागत होता, आणि ह्या दोन मागण्यांत विरोध आहे असे मी त्याला त्या दिवशी अप्रत्यक्षपणे सुचविले, ही माझी चूक.

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर शिवडीहून परळपर्यंत चालत गेलो. काका पथारीवर उठून बसले होते. घरून आलेला डबा उघडला होता आणि त्यातला निम्मा भात ते शेजारच्या पथारीवरील एका बिहारी कुटुंबाच्या ताटलीत वाढीत होते. त्यांची भाषा त्यांना येत नव्हती. मला पाहून त्यांनी डबा पुढे केला आणि म्हणाले, "बसा मास्तर, चार घास घ्या."